पंधरा ग्रॅमचं आश्वासन

ट्विगी हे नाव १९६०च्या दशकातल्या लंडनशी कायमचं जोडलेलं आहे. टपोरे डोळे आणि लांब पापण्या हीच तिची ओळख. हीच ट्विगी २००९ साली, साठीला टेकलेली असताना, ‘ओले’च्या डोळ्यांच्या क्रीमच्या जाहिरातीत झळकली. डोळ्यांखाली ना फुगवटा, ना सुरकुती. ब्रिटनच्या तेव्हाच्या खासदार जो स्विन्सन यांनी अशा जाहिरातींविरुद्ध मोहीम उघडली, सातशेहून जास्त तक्रारी तिथल्या जाहिरात मानक संस्थेकडे गेल्या. चौकशीत कंपनीला कबूल करावं लागलं, की फोटोत डोळ्यांभोवतीच्या भागावर संगणकाने हात फिरवलेला आहे. संस्थेने जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली. ज्या इंचभर जागेसाठी ते क्रीम विकलं जात होतं, नेमकी तीच जागा फोटोत दुरुस्त केलेली होती.

आज आपल्याकडे असं डोळ्यांचं क्रीम तालुक्याच्या गावातल्या मेडिकलच्या काचेच्या कपाटातही दिसतं. ‘अंडर-आय क्रीम’ म्हणूनच मागितलं जातं. करंगळीएवढी ट्यूब, टोकाला थंडगार धातूचा गोळा, आत पंधरा ग्रॅम माल. किंमत तीनशेपासून सुरू होते आणि परदेशी नावाचं असेल तर काही हजारांवर जाते. खोक्यावर तीन वचनं ठरलेली: काळी वर्तुळं कमी, सूज कमी, सुरकुत्या कमी. एकाच ट्यूबमध्ये तिन्ही.

पुण्यात लक्ष्मी रोडजवळच्या एका दुकानात मी अशी खोकी उलटीपालटी करून वाचत उभी होते. शेजारी एक मुलगी आईबरोबर आलेली. कॉलेजात नुकतीच गेलेली असावी. काउंटरवरच्या मुलीने तिच्या मनगटावर थेंबभर क्रीम लावून दाखवलं. “रात्री लावायचं, हळू टॅप टॅप करत. पंधरा दिवसांत फरक दिसतो.” “पूर्ण जातात का ताई?” “रेग्युलर लावलं तर जातात ना.” आई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, “अगं, आपल्याकडे सगळ्यांनाच आहे ते. आजीला बघ.” मी दोघींकडे पाहिलं. मायलेकींच्या डोळ्यांखाली एकाच छटेचा, एकाच आकाराचा तपकिरी पट्टा होता. आईचा थोडा रुंद, एवढाच फरक. मुलीने ट्यूब घेतली. दुकानातल्या त्या तिघींमध्ये वैद्यकीयदृष्ट्या सर्वांत बरोबर बोलली ती आई, आणि तिचं कुणी ऐकलं नाही.

‘इंडियन जर्नल ऑफ डर्मटॉलॉजी’मध्ये २०१४ साली डोळ्यांभोवती काळसरपणा असलेल्या २०० भारतीय रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतले जवळपास निम्मे रुग्ण १६ ते २५ या वयाचे होते आणि पाचांपैकी चार बायका-मुली होत्या. निम्म्याहून किंचित जास्त जणांचा काळसरपणा घडणीतलाच, म्हणजे जन्मजात ठेवणीचा निघाला. डॉक्टरांनी १९६९ सालीच काही कुटुंबांच्या पिढ्या तपासून लिहून ठेवलं होतं, की हा रंग आनुवंशिक असू शकतो. आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ त्वचेच्या लोकांत तर तो सर्रास दिसतो. तो रोग नाही. जागरणाची खूण नाही, आळसाची तर नाहीच. जो रंग आजीकडून आईकडे आणि आईकडून लेकीकडे आला, तो पंधरा दिवसांत जाईल असं अठरा वर्षांच्या मुलीला सांगणं मला अन्यायाचं वाटतं. कारण तो गेला नाही, की ती स्वतःलाच दोष देते: मी नियमित लावलं नाही, मी उशिरा झोपले, मी पाणी कमी प्यायले.

मुळात ‘काळी वर्तुळं’ या एकाच नावाखाली चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी असतात, आणि बाजाराचा सगळा डाव या सरमिसळीवर चालतो. पापणीची कातडी शरीरातली सर्वांत पातळ, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. तिच्याखाली चरबीचा थर जवळजवळ नाहीच. लगेच डोळा मिटणारा स्नायू आणि बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं. काहींच्या बाबतीत कातडीतच रंगद्रव्य जास्त असतं, तेव्हा छटा तपकिरी दिसते. काहींची कातडी इतकी पातळ असते, की खालच्या रक्तवाहिन्या निळसर-जांभळ्या झळकतात. तिसरा प्रकार नुसत्या सावलीचा: डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून गालाकडे जाणारी खाच वयाबरोबर खोल होते, गालाचं हाड झिजतं, चरबी सरकते आणि वरून पडणाऱ्या उजेडात खाचेची सावली काळी दिसते. चौथा प्रकार जखमेनंतर राहणाऱ्या डागासारखा: ॲलर्जी, खाज, सतत चोळणं यांतून उरलेला काळेपणा. आणि बहुतेकांच्या चेहऱ्यावर यांतले दोन-तीन एकत्र नांदत असतात. सिंगापूरमध्ये २०० जणांची अशीच पाहणी झाली, ती २०११ साली छापून आली. तिथे पहिला क्रमांक रक्तवाहिन्यांच्या प्रकाराचा लागला आणि घडणीतला रंग थोडक्यात दुसरा.

हे ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. त्वचारोगतज्ज्ञ पहिल्या भेटीत जे करतात ते आरशासमोर करून बघता येतं. दिवसाच्या उजेडात उभं राहून खालच्या पापणीची कातडी बोटाने हलकेच ताणा. रंग आहे तसाच राहिला, तर तो कातडीतला. ताणल्यावर जांभळेपणा आणखी ठळक झाला, तर तो रक्तवाहिन्यांचा. मग मोबाइलचा टॉर्च समोरून चेहऱ्यावर धरा. काळेपणा विरून गेला, तर ती सावली होती. एवढ्याने निदान पक्कं होत नाही, पण आपण कशावर पैसे घालणार आहोत याचा अंदाज येतो. सावलीवर लावायचं क्रीम जगात अस्तित्वात नाही. खोक्यावर मात्र या चार प्रकारांची नावंही नसतात.

आता एकेका वचनाकडे बघू. सुजेची गोष्ट सर्वांत सोपी आहे. रात्रभर आडवं पडल्यावर डोळ्यांच्या सैल कातडीत पाणी साठतं. आदल्या रात्री पापड-लोणचं, वेफर्स असं खारट खाल्लं, रडलं, सर्दी झाली, की जास्त साठतं. उठून तासभर वावरल्यावर ते आपोआप उतरतं. या सुजेसाठी हल्ली कॉफीतलं कॅफिन घातलेली जेल खपतात. थायलंडमधल्या संशोधकांनी २०११ साली कॅफिनचं जेल आणि कॅफिन न घातलेलं तेच जेल अशी तुलना केली. बहुतेकांच्या बाबतीत दोघांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. सूज उतरली ती मुख्यतः जेलच्या गारव्याने. काकडीची चकती, थंड पाण्याचा हबका, फ्रिजमधला चमचा यांनी आपल्या घरोघरी तेच काम केलेलं आहे. ट्यूबच्या टोकाचा तो धातूचा गोळाही खरं काम करतो, पण ते गारव्याचं. क्रीमचं त्यात काही नाही.

पण डोळ्यांखालची पिशवी ही सूज नव्हे. डोळ्याच्या खोबणीत गोलकाला आधार म्हणून चरबी असते आणि तिला एक पातळ पडदा आवरून धरतो. वयाबरोबर पडदा ढिला पडला, की गादीची खोळ सैल झाल्यावर कापूस जसा पुढे येतो तशी ती चरबी खालच्या पापणीत उतरते. काहींना हे तिशीतच होतं, कारण घराण्यातच तशी ठेवण असते. हा फुगवटा सकाळ-संध्याकाळ तसाच राहतो. तो फक्त शस्त्रक्रियेने जातो. क्रीम त्या पडद्यापर्यंत पोचत नाही, आणि डोळ्याच्या खोबणीपर्यंत पोचावं अशी अपेक्षाही कुणी करू नये. डोळ्यांखालच्या खाचेत फिलर टोचून घेण्याची टूम आता आपल्या शहरांतही आली आहे. तिथे एवढंच लक्षात ठेवावं, की ते द्रव्य चुकून रक्तवाहिनीत गेलं तर दृष्टी जाण्याचा धोका नोंदलेला आहे. ते काम ब्यूटी पार्लरचं नाही.

२०२१ साली टिकटॉकवर एका अमेरिकन बाईने पीटर थॉमस रॉथ या कंपनीचं ‘इन्स्टंट फर्मएक्स’ नावाचं क्रीम डोळ्यांखाली लावून दाखवलं. बघता बघता तिच्या पिशव्या सपाट झाल्या. माल दुकानांतून संपला. भारतात टिकटॉक २०२० पासूनच बंद आहे, पण व्हिडिओ इन्स्टाग्रामवरून, व्हॉट्सॲपवरून इथेही फिरला. तो खोटा नव्हता. अशा क्रीममध्ये सोडियम सिलिकेट असतं. ते वाळताना कातडीवर ताणलेला पापुद्रा तयार होतो आणि काही तास कातडी ओढून धरतो. तोंड धुतलं, की पहिल्यासारखं. कंपनीने स्वतःच त्याच्या नावात ‘तात्पुरतं’ हा शब्द घातला आहे. लग्नाच्या रिसेप्शनपुरतं कुणाला हवं असेल तर माझी काही हरकत नाही. सांगून विकलेला तो मेकअप आहे.

रक्तवाहिन्यांच्या जांभळेपणासाठी ‘क’ नव्हे तर ‘के’ जीवनसत्त्वाची क्रीम आली. जपानमध्ये ५७ जणांवर आठ आठवडे एक प्रयोग झाला आणि २००४ साली प्रसिद्ध झाला. त्या जेलमध्ये ‘के’बरोबर रेटिनॉल, ‘सी’ आणि ‘ई’ही होतं. निम्म्याहून थोड्या कमी लोकांत काळेपणा हलका झाला. तुलनेला साधं जेल लावलेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे श्रेय नेमकं कुणाचं हे ठरत नाही. पुढे २००९ साली युरोपीय महासंघाने के-वन हे जीवनसत्त्व सौंदर्यप्रसाधनांतून काढायला लावलं, कारण त्याची ॲलर्जी झालेल्या माणसाला पुढे औषध म्हणून ते देणंच अडचणीचं होऊ शकतं.

याच ठिकाणी आपल्या राज्याचा एक आकडा सांगायला हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होतं. रक्त कमी असलं, की चेहरा फिकट पडतो आणि डोळ्यांखालची छटा अधिक उठून दिसते. ज्या घरात बाई सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं जेवते, तिथे डोळ्यांखालच्या काळेपणासाठी आधी हिमोग्लोबिन तपासायला हवं. ती तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. हजार रुपयांच्या ट्यूबआधी ती झाली पाहिजे, हे दुकानात कुणी सांगणार नाही. म्हणून इथे सांगते आहे.

चोळण्याचंही तसंच. धुळीची ॲलर्जी, दमा, सर्दी असलेली मुलं डोळे चोळत राहतात आणि कडा काळवंडतात. रात्री काजळ नीट न पुसता झोपणं, सकाळी ते खसाखसा चोळून काढणं हेही त्यातलंच. आणखी एक गोष्ट त्वचारोगाचे डॉक्टर जाणतात, पण घरात कुणाच्या डोक्यात येत नाही: नेलपॉलिशमधल्या रेझिनची ॲलर्जी नखांना होत नाही, ती पापण्यांवर उठते, कारण दिवसभरात बोटं नकळत डोळ्यांकडे जातात. केसांच्या कलपाचंही असंच. अशा बाईने डोळ्यांखाली सुगंधी क्रीम लावलं, तर आगीत तेल.

राहिल्या सुरकुत्या. इथे थोडा वेळ थांबावं लागेल, कारण खरं विज्ञान आहे ते इथेच, आणि त्याचा इतिहास सरळ नाही.

फिलाडेल्फियाचे त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी ‘अ’ जीवनसत्त्वापासून निघणाऱ्या ट्रेटिनॉइन या आम्लाचा मुरुमांसाठी उपयोग रूढ केला. शहरातल्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांच्या अंगावर, त्यांतले बहुतेक कृष्णवर्णीय, त्यांनी १९५१ ते १९७४ अशी वर्षानुवर्षं रसायनं लावून पाहिली. संशोधनाच्या नीतीचा इतिहास लिहिताना हे प्रकरण आजही लाजेने सांगितलं जातं. आज कुणाच्याही कपाटात रेटिनॉलची बाटली असली, तर तिच्या वंशावळीत ही माणसं आहेत. मुरुमांचं औषध लावणाऱ्या मध्यमवयीन बायकांच्या चेहऱ्यावरच्या बारीक सुरकुत्याही कमी होतात असं दिसलं. १९८६ साली क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी त्यावर निबंध लिहिला. १९८८ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी ३० जणांवर, खरं औषध आणि नुसता लेप अशी तुलना करत, तेच दाखवून दिलं. अमेरिकेत औषधांच्या दुकानांवर झुंबड उडाली. १९९५च्या अखेरीस तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने बारीक सुरकुत्यांसाठी ट्रेटिनॉइनला मान्यता दिली.

म्हणजे सुरकुत्यांवर काम करणारं, पुराव्यानिशी सिद्ध झालेलं द्रव्य आहे. पण ते औषध आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं, कातडी लाल करतं, सोलवटतं, गरोदरपणात चालत नाही, आणि डोळ्याच्या अगदी कडेला लावायचं नसतं. क्रीमच्या ट्यूबमध्ये असतं ते त्याचं सौम्य भावंड रेटिनॉल. त्यालाही गुण आहे. मिशिगनमध्येच सरासरी ८७ वर्षं वयाच्या ३६ वृद्धांच्या एका दंडावर ०.४ टक्के रेटिनॉलचं लोशन आणि दुसऱ्यावर साधं लोशन २४ आठवडे लावलं गेलं. रेटिनॉलच्या दंडावरच्या बारीक सुरकुत्या खरोखर कमी झाल्या. हा निबंध २००७चा. प्रश्न मात्रेचा आहे. आपल्या बाजारातल्या कितीतरी खोक्यांवर ‘रेटिनॉल’ मोठ्या अक्षरांत असतं, आणि किती टक्के ते कुठेच नसतं. डोळ्यांसाठी म्हणून ते मुद्दाम कमी घातलेलं असतं, हे सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्यच आहे. पण मग गुणही त्या बेताने येणार आणि यायला महिने लागणार. खोक्यावर मात्र आठवडे लिहिलेले असतात.

सुरकुत्यांच्या बाबतीत आणखी एक प्रसिद्ध कहाणी ब्रिटनची. मार्च २००७ मध्ये बीबीसीच्या ‘होरायझन’ कार्यक्रमात मँचेस्टर विद्यापीठातल्या तज्ज्ञांनी बूट्स कंपनीच्या नंबर सेव्हन मालिकेतल्या एका स्वस्त सीरममध्ये दम आहे असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुकानांबाहेर रांगा लागल्या आणि माल संपला. टीका झाली तेव्हा नीट चाचणी घेतली गेली. पैसा बूट्सचाच होता. साठ जणांना दोन गटांत वाटलं, निम्म्यांना सीरम, निम्म्यांना त्याच बाटलीत साधा लेप. सहा महिन्यांनी सीरम लावणाऱ्यांपैकी ४३ टक्के लोकांच्या सुरकुत्या सुधारल्या. साधा लेप लावणाऱ्यांपैकी २२ टक्के लोकांच्याही सुधारल्या. मार्टिन ब्लँड या संख्याशास्त्रज्ञांनी लगेच दाखवून दिलं, की दोन गटांतला थेट फरक बघितला तर सहा महिन्यांचा हा पुरावा पक्का ठरत नाही.

मला या कहाणीत महत्त्वाचा वाटतो तो २२चा आकडा. ज्यांना काहीच ‘खास’ मिळालं नव्हतं, त्यांतल्या पाचांतल्या एकीला फरक पडला. कोरड्या कातडीला ओलावा मिळाला, की बारीक रेषा तासाभरात भरून येतात. हे काम ग्लिसरीन करतं, साधं मॉइश्चरायझर करतं. महागड्या ट्यूबमधला घटकांचा क्रम वाचला तर पाणी आणि ग्लिसरीन सहसा वरच्या रांगेत असतात. कायद्याने घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. ज्या पेप्टाइडचं, केशराचं किंवा मोत्याचं चित्र खोक्यावर असतं, ते बहुधा तळाशी सापडतं. त्यामुळे ‘चौदा दिवसांत ९२ टक्के महिलांना फरक जाणवला’ असं वाचलं, की तीन प्रश्न विचारावेत. किती महिला होत्या? त्यांच्या शेजारी साधं क्रीम लावलेल्या महिला होत्या का? आणि फरक कुणी मोजला, डॉक्टरांनी की त्या महिलांनी स्वतःच फॉर्म भरून? या तिन्हींची उत्तरं खोक्याच्या तळाशी तारांकित बारीक अक्षरांत असतात. ती अक्षरं वाचायला चाळिशीनंतर चष्मा लागतो, आणि हे क्रीम चाळिशीनंतरच्या बायकांना विकलं जातं.

मोठ्या कंपन्याही वेळोवेळी सापडल्या आहेत. सप्टेंबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लँकम कंपनीला ताकीदपत्र पाठवलं. तिच्या ‘जेनिफिक’ मालिकेतल्या आणि डोळ्यांसाठीच्या काही क्रीमच्या जाहिरातींत ही प्रसाधनं जनुकांना चालना देतात अशा अर्थाचे दावे होते. प्रशासनाचं म्हणणं साधं होतं: शरीराची रचना किंवा कार्य बदलतं असं म्हणायचं असेल, तर ते औषध झालं, औषधाची मान्यता घ्या. २०१४ साली तिथल्या व्यापार आयोगाशी लँकमची मालक लॉरियल कंपनीने तडजोड केली आणि पुराव्याशिवाय असे दावे न करण्याचं मान्य केलं.

आपल्याकडे १९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातही हीच रेघ आहे. प्रसाधन म्हणजे स्वच्छ करणारं, सुंदर दिसायला मदत करणारं, रूप पालटणारं. त्याला औषधासारखी परिणामकारकता सिद्ध करून बाजारात यावं लागत नाही. म्हणून खोक्यावर ‘सुरकुत्या घालवतं’ असं क्वचितच असतं. ‘सुरकुत्या कमी दिसायला मदत करतं’ असं असतं. हे वाक्य वकिलाने तपासून दिलेलं असतं, आणि काउंटरवर पोचेपर्यंत त्याचं ‘जातात ना’ होतं. सौंदर्यप्रसाधनांचे नियम २०२० साली नव्याने आले. खोटा किंवा दिशाभूल करणारा दावा त्यांतही चालत नाही. पण काउंटरवरचं तोंडी वाक्य कोण पकडणार?

याहून मोठी काळजी वेगळीच आहे. क्रीमने गुण आला नाही, की पुष्कळ बायका मेडिकलमधून ‘स्किनची ट्यूब’ आणतात. यांतल्या कितीतरी ट्यूबचं मूळ पुन्हा क्लिगमन यांच्याकडेच जातं. १९७५ साली त्यांनी काळे डाग फिकट करण्यासाठी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड असं मिश्रण सुचवलं. डॉक्टरांच्या नजरेखाली, थोडे आठवडे वापरायचं हे औषध आपल्याकडे गोरं होण्याचं क्रीम म्हणून वर्षानुवर्षं चोळलं गेलं. पापणीसारख्या पातळ कातडीतून स्टेरॉइड झरझर आत जातं. कातडी आणखी पातळ होते, रक्तवाहिन्या जास्त दिसू लागतात, आणि दीर्घकाळ वापरलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध खास कृतिगट नेमला, आणि २०१८ साली केंद्र सरकारने स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकण्यावर नियम कडक केले. तरी चिठ्ठी न मागणारी दुकानं आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी तर पारा असलेल्या गोरेपणाच्या क्रीममुळे मूत्रपिंडं बिघडलेल्या रुग्णांची मालिकाच नोंदवली आहे. कंपनीचा पत्ता, बॅच नंबर आणि वापरण्याची मुदत नसलेली डबी स्वस्त मिळाली तरी डोळ्यांजवळ नेऊ नये.

मग काय लावावं? पुरावा सांगतो ते ऐकायला साधं आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या नॅम्बोर गावात ५५ वर्षांखालच्या ९०३ माणसांवर साडेचार वर्षं चाचणी झाली, तिचा निष्कर्ष २०१३ साली आला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेवर वाढत्या वयाच्या खुणा, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी होत्या. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने २०१२ साली एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापला. त्याने २८ वर्षं ट्रक चालवला. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो. खिडकीकडची डावी बाजू खोल वळ्यांनी भरलेली, डोळ्याखाली कातडी लोंबलेली, आणि उजवी बाजू कितीतरी तरुण. काचेतून ‘अ’ प्रकारची अतिनील किरणं आत येतात. एकाच माणसाचा, एकाच आयुष्याचा हा चेहरा कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त शिकवतो. आपल्या उन्हात छत्री, काळा चष्मा आणि चेहऱ्याचं सनस्क्रीन डोळ्यांच्या हाडापर्यंत लावणं यापुढे पंधरा ग्रॅमची ट्यूब फिकी आहे. डोळे चुरचुरत असतील तर झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन घ्यावं.

कोरडेपणासाठी चेहऱ्याचं सुगंधरहित साधं मॉइश्चरायझर डोळ्यांखाली चालतं. बारीक सुरकुत्यांसाठी डॉक्टरांना विचारून रेटिनॉइड, म्हणजे ट्रेटिनॉइन-रेटिनॉलच्या कुळातलं द्रव्य. ॲलर्जी असेल तर तिचा उपचार. रंग घराण्यातला असेल, तर तो थोडा हलका होऊ शकतो, पुसला जात नाही. आणि पुसायची गरजही नाही. डोळ्यांसाठी वेगळं क्रीम विकत घेण्यासारखं कारण मला एकच सापडलं: काही जणींना चेहऱ्याचं क्रीम डोळ्यांत झोंबतं आणि हे झोंबत नाही. त्याला ग्रॅममागे चौपट-पाचपट पैसे मोजायचे का, हे ज्याने त्याने ठरवावं. तीन वचनांपैकी कातडी मऊ दिसण्याचं ते पाळतं, सुजेचं गारव्याच्या जोरावर अर्धंमुर्धं पाळतं, आणि काळ्या वर्तुळांचं बहुतेकींच्या बाबतीत पाळत नाही.

शेवटी दोन गोष्टी. रोज सकाळी दोन्ही डोळे सुजत असतील, पायही सुजत असतील किंवा लघवीला फेस येत असेल, तर क्रीम न घेता आधी लघवीची, रक्तदाबाची आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या. मूत्रपिंडाच्या आजाराची पहिली खूण अनेकदा इथेच दिसते. आणि जाहिरातीत लिहिलेलं खोटं निघालं, तर खोकं आणि बिल टाकून देऊ नका. दाव्याचा फोटो काढा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने फसव्या जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ब्रिटनमध्ये ती जाहिरात थांबवण्यामागे सातशे तक्रारींचं बळ होतं. आपल्याकडेही तक्रारी यायला हव्यात.